तीस तिकिटांची इटली, त्यातली सात खोटी

आधी हिशेब सांगतो, मग बाकीचं. पाकीट २,६०० रुपयांचं, वर टपालखर्च ८०. आत इटलीच्या जुन्या संस्थानांची, पोस्टाची तीस तिकिटं. त्यातली तेवीस चांगली, सात खोटी किंवा संशयाची. तक्रार केल्यावर विक्रेत्यानं सातातली पाच परत घेतली आणि बदल्यात तीन बरी दिली. उरलेल्या दोनांवर आमचा वाद अजून चालू आहे. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथं थांबायला हरकत नाही.

मी मिरज जंक्शनला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, चौतीस वर्षं सॉर्टिंग केलं. रात्रपाळीला लाकडी खणांसमोर उभं राहायचं आणि पत्रं टाकत सुटायचं. कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, लातूर. महिनाभरात हात डोक्याला विचारायचा बंद होतो. तिकिटांचा नाद तिथंच लागला. घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घरात आली तेव्हा अल्बम खालच्या फळीवर होते. माणसं, गॅसची टाकी आणि देव वर नेले, अल्बम राहिले. पाणी ओसरल्यावर बघतो तर त्यांची वीट झालेली. तिकिटामागचा डिंक पाण्यात सुटतो आणि वाळताना शेजारी जे असेल त्याला धरतो. माझं इटलीचं पान इराणच्या पानाला असं चिकटलं की दोन्ही देश एकदमच टाकावे लागले. ते पान परत भरायचं होतं, म्हणून हे पाकीट.

विक्रेता परगावचा आहे. नाव देत नाही, कारण भांडण मिटत आलंय आणि माणूस मुळात वाईट नाही. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘इटलीची जुनी संस्थानं, १८५० ते १८७०, दहा संस्थानं, तीस तिकिटं, सर्व अस्सल.’ दहाचा आकडा गाठायला त्यानं नेपल्सचं राज्य आणि नंतरचे ‘नेपल्सचे प्रांत’ वेगळे मोजलेत. कॅटलॉगातही ते वेगळेच असतात, तेव्हा चालायचं. ‘सर्व अस्सल’ मात्र चालायचं नाही. त्याकडे येतोच.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. दोन पुठ्ठ्यांमध्ये बटरपेपरच्या दहा पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलनं नाव, आणि सगळं प्लॅस्टिकात. आमच्याकडच्या पावसात प्लॅस्टिक लागतंच. पाकीट सहाव्या दिवशी आलं. सोबतचा माहितीचा कागद तेवढा सुमार. सिसिलीच्या तिकिटांपुढे १८६१ साल टाकलंय. १८६१ मध्ये सिसिलीचं स्वतःचं तिकीटच उरलं नव्हतं.

माझी नात अकरावीला आहे, कला शाखेत. तिच्या वहीत इटलीचं एकीकरण दीड पानात आटपलंय. मॅझिनी आत्मा, काव्हूर मेंदू, गॅरिबाल्डी तलवार. मीही शाळेत हेच पाठ केलं होतं. पुड्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या आणि तिला म्हटलं, ‘‘हे सॉर्टिंग करून दाखव.’’

‘‘कशावरून लावू, आबा?’’

‘‘नाव वाचून लाव.’’

तिनं भिंग घेतलं, पाच-दहा मिनिटं वाचत बसली आणि म्हणाली, ‘‘इटली कुठंच लिहिलेलं नाही की.’’

बरोबर बोलली. तिसातल्या एकाही तिकिटावर इटली हे नाव नाही. शेवटी तिनं चित्रावरून ढीग लावले: दोन डोक्यांचा गरुड, एक डोक्याचा गरुड, बसलेला सिंह, लिलीचं फूल, किल्ल्या, घोडा, दाढीवाला राजा, मिशीवाला राजा, आणि दोन तिकिटांवर नुसतीच अक्षरं. ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटरनिख १८४७ मध्ये म्हणाला होता की इटली ही नुसती भौगोलिक संज्ञा आहे. कुजकं बोलला, पण आमच्या टेबलावर त्या दुपारी तसंच दिसत होतं.

एकेक ढीग सांगतो.

दोन डोक्यांचा गरुड लोंबार्डी-व्हेनिशियाचा, म्हणजे खुद्द ऑस्ट्रियाचा. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेनं मिलान आणि व्हेनिस दोन्ही ऑस्ट्रियाच्या पदरात टाकली. तिकिटं १ जून १८५० पासूनची. व्हिएन्नातल्या तिकिटावरचंच राजचिन्ह, फक्त किंमत ऑस्ट्रियाच्या क्रॉयत्झर नाण्याऐवजी चेंतेसिमीत, म्हणजे लिऱ्याच्या शंभराव्या भागात. पाकिटात चार आहेत, चारही खरी. एकावर मिलानचा शिक्का अख्खा उमटलाय. मला ते तीसांत सगळ्यात आवडलं. ८ जून १८५९ ला फ्रान्सचा तिसरा नेपोलियन आणि इटलीच्या वायव्येकडच्या पीडमाँट राज्याचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल बरोबरीनं मिलानमध्ये शिरले. चारच दिवसांपूर्वी माजेंटाची लढाई झाली होती. त्यानंतर या गरुडाचं मिलानमधलं काम संपलं. व्हेनिस, व्हेरोनाकडे तो आणखी सात वर्षं उडत राहिला, कारण नेपोलियननं ११ जुलैला व्हिलाफ्रांकाला परस्पर तह केला आणि पीडमाँटच्या हाती एकटी लोंबार्डी पडली. पीडमाँटचा पंतप्रधान काव्हूर, त्यानं संतापून राजीनामा दिला तो तेव्हा.

बसलेला सिंह टस्कनीचा, १ एप्रिल १८५१ चा. पाकिटात एकच, तोही कडेला कापलेला. पण टस्कनीवर थोडं थांबतो, कारण नाण्यांचा घोळ इथं बघण्यासारखा आहे. एका टस्कन लिऱ्याचे वीस सोल्दी, किंवा बारा क्रात्सिए, किंवा साठ क्वात्रिनी. तिकिटांवर हे तिन्ही प्रकार येतात. माझ्या वडिलांच्या बोलण्यात रुपये-आणे-पै होते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नातीनं कपाळाला हात लावला. टस्कनीचा राजा, म्हणजे ग्रँड ड्यूक, २७ एप्रिल १८५९ ला फ्लॉरेन्स सोडून निघून गेला. गोळी नाही, दगड नाही, संध्याकाळी घोडागाडीत बसला आणि गेला. पुढच्या १ जानेवारीला टस्कनीची नवी तिकिटं निघाली. सिंहाच्या जागी सॅव्हॉय घराण्याची, म्हणजे पीडमाँटच्या राजाची ढाल, किंमत चेंतेसिमीत. टस्कनीकरांनी विलीनीकरणाला मतं दिली ती मार्च १८६० मध्ये. म्हणजे मत देण्याच्या अडीच महिने आधीपासून लोक विलीन झालेलं तिकीट जिभेवर ओलं करून लावत होते. या पाकिटात त्यातलं एक तरी हवं होतं.

मोडेना आणि पार्मा या दोन डचींची तिकिटं एकाच दिवशी निघाली, १ जून १८५२ ला. मोडेनाचा गरुड एका डोक्याचा, एस्ते घराण्याचा. पार्माचं लिलीचं फूल, बूर्बाँ घराण्याचं. नात म्हणाली, एवढ्याएवढ्याशा जागेला वेगळं तिकीट कशाला? मी तिला खिडकीतून माधवनगरच्या दिशेनं बोट दाखवलं. तो रस्ता पुढं बुधगावला जातो. बुधगाव ही मिरज धाकट्या पातीची राजधानी. मिरज थोरली पाती मिरजेत. सांगलीचे पटवर्धन वेगळे, त्यांची मंगळवेढं आणि तेरदाळ इथून कुठच्या कुठं. पलीकडं कुरुंदवाड, तिथंही थोरली-धाकटी. ज्या गावाला आपण आज शेअर रिक्षानं जातो ते तेव्हा दुसऱ्याच्या राज्यात होतं. ८ मार्च १९४८ ला ही सगळी दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर त्यातलं नाही, ते वर्षभर मागं राहून १ मार्च १९४९ ला आलं. हे सांगितल्यावर मोडेना-पार्मा तिला एकदम घरचे वाटायला लागले. ‘‘म्हणजे पार्मा म्हणजे बुधगाव,’’ म्हणाली. तसं म्हणायला हरकत नाही. दोन्हीकडचं चीज मात्र सारखं नाही.

मोडेनाची तीन तिकिटं आहेत आणि तिन्ही खरी. मोडेनाची गंमत अशी की किंमतीची खालची पट्टी छापखान्यात खिळे जुळवून बसवलेली. जुळाऱ्यानं डुलक्या काढल्या असाव्यात. सीईएनटीच्या जागी सीएनईटी, कुठं टिंब नाही, कुठं अक्षर उलटं. असल्या चुकांच्या तिकिटांना बाजारात जास्त भाव असतो. माझ्या तिन्हींवर एकही चूक नाही, नशीब माझं. पार्माच्या दोनांतलं एक खोटं निघालं.

एक गोष्ट मला पोस्टखात्यातला म्हणून सांगावीशी वाटते, कारण ती वहीत नाही. टस्कनी, मोडेना, पार्मा आणि पोप या चौघांनी पाठोपाठ तिकिटं काढली ती ऑस्ट्रियामुळं. १८५० च्या सुमाराला ऑस्ट्रियानं या राज्यांशी टपालाचे करार केले, दर ठरवले, पत्रं एकमेकांच्या हद्दीतून एकाच पैशात जायला लागली. त्याआधी पत्र प्रत्येक नाक्यावर नवा आकार भरत जायचं आणि घेणाऱ्याच्या दारात त्याची बेरीज व्हायची. म्हणजे मधल्या इटलीचं टपाल जोडायला सुरुवात केली ती ज्याला हाकलायचं होतं त्यानंच. पीडमाँट या करारांच्या बाहेर होतं. आमच्या खात्यात असं नेहमीच बघायला मिळतं. रस्ता एक जण करतो, उद्घाटनाला फीत दुसराच कापतो.

किल्ल्या पोपच्या. दोन किल्ल्या आडव्या-तिडव्या आणि वर तीन मजली मुकुट. १ जानेवारी १८५२ पासूनच्या या तिकिटांवर देशाचं नावच नाही. किल्ल्या बघून कळायला हवं, हा थाट. पहिल्या तिकिटांवर नाणं बायोक्की. पाकिटातली तिन्ही १८६७ आणि १८६८ ची आहेत आणि त्यांच्यावर किंमत चेंतेसिमीत. हे नीट बघा. पोपनं इटलीचं राज्य मान्य केलं नव्हतं. १८६० मध्ये त्याचा बराच मुलूख गेला, रोम आणि आसपासचा भाग उरला, तोही फ्रेंच फौजेच्या जिवावर. तरी १८६६ मध्ये त्याला आपला स्कूदो मोडून लिरा घ्यावा लागला. नाण्यानं तो इटलीत आधी आला. इटलीच्या फौजा रोममध्ये २० सप्टेंबर १८७० ला आल्या, पोर्ता पिया दरवाज्याजवळचा तट तोफांनी फोडून. तोवर प्रशियाशी लढायला फ्रेंच फौज घरी निघून गेली होती.

तीनातलं एक माझ्या मते फेरछपाई आहे, म्हणजे मागाहून पुन्हा छापलेलं. कडेचे दाते नको तिथं तुटलेत आणि रंग फार ताजा. विक्रेता म्हणतो, फेरछपाई झाली तरी तीही शंभर वर्षांपूर्वीचीच. हा वादातला पहिला मुद्दा.

आता खोट्यांकडे.

‘रोमान्या’ची दोन तिकिटं, रंगीत कागदावर काळी छपाई, चित्र नाही, चौकट आणि अक्षरं. बोलोन्याकडचा हा भाग पोपचा होता. १८५९ च्या जूनमध्ये तिथल्या लोकांनी पोपचा अंमल झुगारला आणि १ सप्टेंबरला हंगामी सरकारनं ही तिकिटं काढली. पुढच्या फेब्रुवारीत ती बंद होऊन पीडमाँटची आली. पाच महिन्यांचं आयुष्य. एवढ्या थोड्या दिवसांच्या आणि एवढ्या सोप्या छपाईच्या तिकिटाची नक्कल कुणी का करणार नाही? मला पाहताक्षणी संशय आला, पण संशयावर पैसे परत मिळत नाहीत. हरभट रोडला भाच्याचं दुकान आहे, तिथं नोटा तपासायचा निळा दिवा असतो. दुकान बंद व्हायच्या वेळेला गेलो, शटर अर्धं खाली ओढलं, दिवा लावला. मोडेना, लोंबार्डी, पोप सगळे अंधारात मळकट पडून राहिले. रोमान्याची दोन आणि पार्माचं एक धुतलेल्या धोतरासारखी लख्ख चमकली. कागद पांढरा दिसावा म्हणून आता लगद्यात जे रसायन घालतात ते निळ्या दिव्याखाली असं चमकतं. १८५९ मध्ये ते नव्हतंच. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुमची पाचशेची नोटपण बघू का?’’

सिसिलीच्या दोन तिकिटांना दिवासुद्धा लागला नाही. ही १ जानेवारी १८५९ ची. नेपल्स आणि सिसिली दोन्हींचा राजा दुसरा फर्डिनांड, त्याचं दाढीवालं डोकं. यानं १८४८ च्या बंडात मेसिना शहरावर तोफा डागल्या म्हणून लोक त्याला ‘बोंबा’, म्हणजे बॉम्ब, म्हणायचे. आपल्याकडं बोंबा मारतात, तिकडं त्यानं पाडल्या. या राजाच्या तोंडावर काळा शिक्का मारणं म्हणजे बेअदबी, म्हणून सिसिलीच्या टपालखात्याला एक खास शिक्का बनवून दिला होता. घोड्याच्या नालेसारखी नक्षीदार चौकट, मधे मोकळी. चौकट राजाच्या डोक्याभोवती बसते, चेहऱ्याला शाई लागत नाही. आता चौतीस वर्षं शिक्क्यांचा ठकठकाट ऐकलेल्या माणसाला विचारा. दिवसाला शेकडो पत्रं, खिडकीवर रांग, आणि दरवेळी राजेसाहेबांच्या नाकाला धक्का न लावता नाल बसवायची! मला त्या अनोळखी सिसिलियन कारकुनाची मनापासून दया येते.

माझ्या दोन्ही तिकिटांवर साधा गोल शिक्का होता आणि तो थेट राजाच्या थोबाडावर. शिवाय खरी तिकिटं तांब्यावर कोरून छापल्यासारखी, शाईचा उठाव बोटाला किंचित लागतो. ही दोन बोटाला सपाट. विक्रेत्याला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हा कारकून सिसिलीत दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहिला नसता.’ त्यानं हसण्याचं चित्र पाठवलं आणि ‘परत पाठवा’ म्हणाला.

सातवं प्रकरण मिशीवाल्या राजाचं. हा पीडमाँट-सार्डिनियाचा व्हिक्टर इमॅन्युएल. पाकिटात त्याची सात आहेत. १८५५ च्या पद्धतीची ही तिकिटं, रंगीत चौकट आणि मधे शाईशिवाय दाबून उठवलेलं पांढरं डोकं. हाताला लागतं, आंधळ्यालाही राजा कळावा. ही कोरी उरलेली तिकिटं इतकी आहेत की बाजारात पाणीपुरीच्या भावात मिळतात. वापरलेल्यांना मात्र जास्त किंमत. मग काय करतात, कोरं घ्यायचं आणि मागाहून शिक्का मारायचा. सातातल्या एकावर तुरीनचा सुंदर शिक्का आहे, तारीख अगदी स्पष्ट: १८५३. तिकीट निघायच्या दोन वर्षं आधी पत्र टाकलेलं! खोटं करणाऱ्यानं एवढी मेहनत घेतली, पण कॅटलॉग उघडला नाही. विक्रेत्याचं म्हणणं, तिकीट तर अस्सल आहे, शिक्क्याची हमी मी दिली नव्हती. हा वादातला दुसरा मुद्दा आणि खरं सांगायचं तर इथं त्याचं थोडं बरोबर आहे. पण मी माघार घेणार नाही.

या राजाबद्दल एक. १७ मार्च १८६१ ला तुरीनमध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं तेव्हा तो इटलीचा पहिला राजा झाला. तरी क्रमांक ‘दुसरा’च ठेवला, पीडमाँटमधला जुना. नातीनं विचारलं, मग पहिला कोण? इटलीचा कुणीच नाही. नवीन घर बांधलं नव्हतं, जुन्याच घराला खोल्या काढल्या होत्या, आणि दारावरची पाटी बदलायची घरमालकाला गरज वाटली नाही. ढीग शेजारी ठेवले की हेच दिसतं. सिंह, लिली, किल्ल्या, घोडा एकेक करून उठतात आणि त्यांच्या जागी एकच मिशी येऊन बसते. तलवार आणि आत्मा वहीत राहतात.

‘नेपल्सचे प्रांत’ ही चार तिकिटं म्हणूनच या पाकिटातली शहाणी तिकिटं आहेत. ५ मे १८६० ला गॅरिबाल्डी जिनोव्हाजवळच्या क्वार्तोहून हजारभर लाल सदरेवाले घेऊन निघाला, ११ ला सिसिलीत मार्सालाला उतरला, महिनाअखेरीला पालेर्मो घेतलं. ७ सप्टेंबरला तो नेपल्समध्ये शिरला, तोही आगगाडीनं! फौज मागं होती, हा मोजक्या लोकांबरोबर पुढं आला. नेपल्सचा राजा आदल्या दिवशी गाएताला पळाला होता. आता तिकिटं. जुन्या नेपल्सच्या तिकिटावर घोडा, तीन पायांचं सिसिलीचं चिन्ह आणि लिलीची फुलं. पाकिटात दोन आहेत, चांगली आहेत. नव्या सरकारला वर्तमानपत्रांसाठी स्वस्त तिकीट तातडीनं हवं होतं, नवा साचा करायला वेळ नव्हता. मग जुन्या अर्ध्या ग्रानोच्या छापाच्या पत्र्यावर ग्रानो या नाण्याचं ‘जी’ अक्षर खरवडून त्याचं ‘टी’ केलं, तोर्नेसे या त्याहून लहान नाण्याचं, आणि गुलाबीऐवजी निळ्या शाईत छापलं. महिन्याभरानं मधलं घोड्याचं चिन्हही खरवडलं आणि तिथं सॅव्हॉयचा क्रूस कोरला. ही दोन तिकिटं माझ्या पेन्शनच्या बाहेरची आहेत, त्यांचे फोटो बघूनच समाधान मानायचं. पण फोटो मोठा केला की खरवडल्याच्या खुणा दिसतात. पत्र्यावर वाकून, हातात कोरणी घेऊन कुणीतरी एकेका तिकिटाचं राज्य खरवडत बसला होता. एका पत्र्यावर शंभरावर तिकिटं.

आणि मग १८६१ मध्ये ‘प्रांतां’ची तिकिटं आली. डोकं तुरीनच्या मिशीवाल्या राजाचं, किंमत मात्र ग्रानात! दक्षिणेकडचा माणूस डुकाट आणि ग्राना मोजायचा, त्याला लिरा-चेंतेसिमी कुठं कळत होते? राजा बदलला, बटव्यातला खुर्दा बदलला नाही. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडं नवे पैसे आले, तरी माझी आई मरेपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची. तिनं ही तिकिटं बघितली असती तर एका फटक्यात समजली असती.

गंमत म्हणजे ज्या गॅरिबाल्डीनं हे सगळं राज्य २६ ऑक्टोबर १८६० ला तेआनोजवळ राजाच्या हवाली केलं, त्याचं जन्मगाव नीस त्याच वर्षी काव्हूरनं सॅव्हॉय प्रांतासकट फ्रान्सला देऊन टाकलं होतं. मदतीचा मोबदला म्हणून. त्याच्या जन्मगावचं टपाल फ्रेंच तिकिटांवर जायला लागलं.

मॅझिनीचं तिकीट या पाकिटात असणं शक्य नाही. तो प्रजासत्ताकवाला, राजाच्या टपालात त्याला जागा कुठली. पण टपालाशी त्याचा जो संबंध आला तो आमच्या खात्यात नवीन पोरांना शिकवायला हवा. तो लंडनमध्ये परागंदा होऊन राहायचा. १८४४ मध्ये त्याला वाटायला लागलं की आपली पत्रं कुणीतरी फोडतंय. मग त्यानं मित्रांना सांगितलं, पाकिटात खसखस घाला, वाळूचे कण घाला, केस घाला. पत्रं आली, मोहोर जशीच्या तशी, आत खसखस नाही. प्रकरण पार्लमेंटात गेलं आणि बाहेर आलं की गृहमंत्री जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमानं ब्रिटिश पोस्टच ती पत्रं फोडून परत बेमालूम बंद करत होतं. ज्या पोस्टानं चार वर्षांपूर्वी जगातलं पहिलं तिकीट काढलं त्याच पोस्टानं! चौतीस वर्षांत माझ्या हातून बॅगा चुकल्या, एकदा पंढरपूरची बॅग परभणीला गेली, पण कुणाचं पत्र मी उघडलं नाही. नातीला हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण आमची ही आतून ‘‘काय झालं?’’ म्हणून बाहेर आली.

पाकिटात काय हवं होतं: शेवट. १८६३ साली लंडनच्या छापखान्यातून आलेली तिकिटं, ज्यांच्यावर इटलीचा उल्लेख आहे. ती फार स्वस्त मिळतात, एखादं घातलं असतं तर नातीचा ढीग पुरा झाला असता. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून देशभर साध्या पत्राला पंधरा चेंतेसिमी हा एकच दर झाला. माझ्या लेखी एकीकरण त्या दिवशीचं धरायला हरकत नाही, पण परीक्षेत हे लिहू नकोस असं मी तिला बजावलंय.

बदली तिकिटं मागच्या आठवड्यात आली. पाचांच्या बदल्यात तीन: टस्कनीचा आणखी एक सिंह, कोपरा फाटलेला, रोमान्याचं एक, जे भाच्याच्या दिव्याखाली व्यवस्थित मळकट राहिलं, आणि सिसिलीचं दोन ग्रानाचं निळं. ते तीन बाजूंनी आत कापलंय, त्यामुळंच मला मिळालं. पण शाई बोटाला लागते, आणि नालेची चौकट अर्धवट का होईना राजाच्या भोवती आहे. डोळा, नाक, दाढी, एकावरही शाईचा ठिपका नाही. तो राजा या तिकिटानंतर पाच महिन्यांच्या आत वारला, दीड वर्षाच्या आत पालेर्मोही गेलं. कारकुनाचा हात मात्र त्या दिवशी बरोबर बसला होता.

पाचपैकी साडेतीन. नवख्यानं घेऊ नये. ज्याच्याकडं भिंग, कॅटलॉग आणि नोटा तपासायचा दिवा असलेला भाचा आहे त्यानं जरूर घ्यावं, पण ‘सर्व अस्सल’ हे शब्द विक्रेत्याकडून लेखी घ्यावेत. खोटी पाच तिकिटं परत करण्याआधी नातीनं त्यांचे फोटो वहीत चिकटवून घेतलेत, एकीकरणाच्या दीड पानासमोर.

विक्रेत्यानं बदली तिकिटांच्या पाकिटावर खास माझ्यासाठी आपल्या रेल्वेची चित्रं असलेली चार सुंदर पोस्टाची तिकिटं लावून पाठवली होती. वाटेत कुठल्याशा कार्यालयात ती रद्द केली गेली. शिक्का नव्हे, निळ्या बॉलपेननं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चार रेघोट्या. तुरीनचा १८५३ चा शिक्का खोटा होता, पण निदान शिक्का होता.